धंद्याचा हेतू वहीत कसा उतरवावा: ख्रिस्ती उद्योजकांसाठी

गल्ल्यामागे बायबलच्या वचनाची फ्रेम लावली, उद्घाटनाला फादरांनी किंवा पाळकांनी प्रार्थना केली, की धंद्याचा हेतू ठरला असं पुष्कळ जण धरून चालतात. पण गिऱ्हाइकाला आणि कामगाराला तो दिसतो दोनच ठिकाणी: तुम्ही कशाला नाही म्हणता, आणि पैसे आधी कोणाला देता. म्हणून सुरुवात वहीपासून करा.

गेल्या तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि यूपीआयच्या नोंदी काढा. पगार ठरल्या तारखेनंतर किती वेळा झाला, पुरवठादारांची किती बिलं लटकली, घरखर्चाला गल्ल्यातून किती उचल झाली, हे तीन आकडे एका कागदावर मांडा. आजचा खरा हेतू तोच. मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यावी, असं बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात आहे. कायद्याची मुदत त्याहून सैल आहे: नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करार नसेल तर 15 दिवसांत, करार असला तरी जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात (2006चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा). निदान तेवढं तरी पाळलं जातंय का ते बघा.

मग हेतूचं एक वाक्य लिहा, 25 शब्दांच्या आत. त्यात तीन गोष्टी हव्यात: काय देणार, कोणाचं भलं होणार, आणि काय करणार नाही. ‘देवाच्या गौरवासाठी उत्तम सेवा’ हे वाक्य सलूनलाही चालतं आणि सिमेंटच्या दुकानालाही; त्यावरून एकही निर्णय घेता येत नाही. वसईतली एखादी छोटी बेकरी असं लिहू शकेल: ‘रोज पूर्ण वजनाचा ब्रेड द्यायचा, शिक्षण सुटलेल्या दोघांना दोन वर्षांत भट्टीचं काम शिकवायचं, पगार 7 तारखेपुढे न्यायचा नाही.’

आता या वाक्याची किंमत काढा. बुरूज बांधायच्या आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असं लूक 14 मध्ये येशू सांगतो, इथेही तेच. भाजताना ब्रेडचं वजन साधारण 12 टक्के घटतं. म्हणजे 400 ग्रॅमचा ब्रेड हवा तर कणकेचा गोळा 455 ग्रॅमचा लागतो. मैदा महागला की गोळा 430वर आणायचा मोह होतो. ब्रेड भरतो 378 ग्रॅम, वेष्टनावर मात्र 400च. रोज 200 ब्रेड धरले तर 5 किलो कणीक वाचते, आणि नीतिसूत्रे 11:1 मधला खोटा काटा तो हाच. सरळ वाटा दोन आहेत: भाव वाढवा, किंवा ब्रेड 350 ग्रॅमचा करून वेष्टन बदला. दोन्हींत थोडी गिऱ्हाइकं तुटतील. ती तूट महिन्याच्या अंदाजात आधीच धरा. काट्यावरचा वैधमापनचा, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचा शिक्का जुना झाला नाही ना, तेही पाहा.

दशांशाचा, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देवाला देण्याचा घोळ तर नेहमीचा. विक्री 4,00,000 रुपये, नफा 8 टक्के म्हणजे 32,000. दशांश विक्रीवर काढला तर 40,000 होतो: नफ्यापेक्षा 8,000 जास्त, आणि तो भार शेवटी पगारावर किंवा पुरवठादारावर येतो. मालकाने आपला पगार ठरवून घ्यावा आणि वैयक्तिक दशांश त्यातून द्यावा. धंद्याचं दान उरलेल्या नफ्यातून. 1991 साली ब्राझीलमध्ये फोकोलारे या कॅथोलिक चळवळीच्या संस्थापक किआरा लुबिक यांनी चळवळीतल्या उद्योजकांना नफ्याचे तीन वाटे सुचवले: गरजूंसाठी, देण्याची वृत्ती घडवण्यासाठी आणि खुद्द धंद्याच्या वाढीसाठी. तिसरा वाटा विसरू नका. भट्टी बंद पडली तर पहिले दोन कुठून येणार?

चुकतं कुठे? पहिलं म्हणजे ‘ही सेवा आहे’ म्हणत मंडळीतल्याच तरुणाला बाजारभावापेक्षा कमी पगार देणं. याकोब 5:4 मध्ये थकवलेली मजुरीच ओरडते आहे. दुसरं, उधारी. मंडळीतल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, म्हणून मर्यादा आधीच ठरवून गल्ल्याजवळ चिकटवा, समजा 2,000 रुपये आणि 30 दिवस, सगळ्यांना सारखी. ज्याला खरंच मदत हवी त्याला दानाच्या वाट्यातून द्या, उधारीच्या वहीतून नको. तिसरं जरा नाजूक आहे: चर्च आणि मालक एकच होणं. कोकणातल्या घरांवर चढलेल्या मंगलोरी कौलांमागे स्वित्झर्लंडहून आलेलं बासेल मिशन आहे; त्यांचा कौलांचा कारखाना 1865चा. बाप्तिस्म्यानंतर जात आणि रोजगार दोन्ही गमावलेल्यांना काम मिळावं, हा मिशनच्या कारखान्यांमागचा हेतू, आणि तो स्वच्छ होता. पण चर्च आणि मालक एकच झाले की कामगाराने गाऱ्हाणं न्यायचं कुठे? तुमच्या दुकानातही पाळक, मामा आणि मालक एकाच माणसात नसावेत. तक्रार ऐकायला बाहेरचं कोणीतरी नेमा, आणि सकाळच्या प्रार्थनेला येणं न येणं कामगाराच्या मर्जीवर ठेवा. हजेरी प्रार्थनेनंतर मांडली तर ती मर्जी राहत नाही.

31 मार्चला वही बंद करताना पहिले तीन आकडे पुन्हा काढा आणि जुन्या कागदाच्या मागेच लिहा. वर्षभरात हेतूच्या वाक्यामुळे एकही ऑर्डर सुटली नसेल, तर वाक्य पुन्हा लिहायला बसा.