मायक्रोवेव्हची भीती नको, बाहेर राहिलेल्या बांगड्याची हवी

मायक्रोवेव्हमध्ये अन्न 'किरणोत्सारी' होत नाही. त्यातल्या २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि त्यातून उष्णता तयार होते. यंत्र बंद झालं की लहरी संपतात, अन्नात काही उरत नाही.

आपल्या किनारपट्टीच्या घरांत जपायचं ते माशाला. बांगडा, तारली, कुपा बर्फाविना पडून राहिले की त्यांत हिस्टामिन नावाचं त्रासदायक रसायन तयार होतं, आणि ते कितीही तापवलं तरी जात नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर गांधी उठतात, डोकं ठणकतं. पावसाळ्यात तासन् तास वीज गेलेल्या फ्रीजमधलं कालवण म्हणूनच गरम करून 'वाचवू' नका, टाकून द्या. रात्रभर ओट्यावर राहिलेला भातही असाच टाकून द्या.

नीट ठेवलेलं कालवण गरम करताना मात्र मध्ये थांबून ढवळा. कडेला रस्सा खदखदतो आणि मधली तुकडी गारच असते, तिथे जंतू टिकतात. मधोमध वाफ निघाली पाहिजे. भांडं काचेचं किंवा चिनीमातीचं घ्या. आइस्क्रीमचे रिकामे डबे नकोतच! तेलकट, खोबऱ्याचं वाटण पाण्यापेक्षा जास्त तापतं आणि प्लॅस्टिक मऊ पडतं.

खाऱ्या हवेने दाराच्या बिजागऱ्या गंजतात. दार घट्ट बसत नसेल किंवा आतला पत्रा गंजून भोक पडलं असेल, तर दुरुस्ती होईपर्यंत यंत्र लावू नका.