पद्मिनीची बॉडी ब्लास्टिंग आणि पावडर कोटिंगला पाठवण्याआधी

जुन्या गाड्यांच्या कामात नव्यानं येणाऱ्यांना पावडर कोटिंग, म्हणजे विद्युतभारानं चिकटवलेली रंगाची कोरडी पावडर भट्टीत भाजणं, हा शेवटचा टप्पा वाटतो. खरं तर भट्टीत काय टिकेल आणि काय नाही, हे पहिला नट सैल करण्याआधी ठरवावं लागतं. इथे उदाहरण घेतलंय ते प्रीमिअर पद्मिनीचं, म्हणजे कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या फियाट 1100 डीचं. या गाडीला वेगळी चॅसिस नाही. खालचा सांगाडा आणि वरचा पत्रा एकमेकांना स्पॉट वेल्डनं जोडलेले असतात, त्यामुळे जीपसारखी नुसती चॅसिस सोडवून पाठवता येत नाही. शक्य असेल तर पहिलं काम जीपच्या चॅसिसवर किंवा पद्मिनीच्या सुट्या भागांवर शिका: क्रॉस मेंबर (गाडीखालचा जाड आडवा आधार), कंट्रोल आर्म, चाकांच्या डिस्क, बॅटरी ट्रे.

आधी कागदपत्रं. चॅसिस नंबर जिथे कोरलाय ती जागा साफ करून पेन्सिलनं त्याचा ट्रेस घ्या, फोटो काढा. ब्लास्टिंगवेळी, म्हणजे हवेच्या दाबानं दाणे मारून जुना रंग आणि गंज काढताना, त्यावर जाड रबरी पट्टी चिकटवा. नंबर पुसट झाला तर आरटीओत गाडीची ओळख पटवणं महाकठीण होतं. 50 वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 2021 पासून व्हिंटेज नोंदणीची वेगळी ‘व्हीए’ मालिका आहे, आणि तिच्यासाठी बॉडी व इंजिन मूळ स्वरूपात असणं महत्त्वाचं ठरतं. म्हणून पत्रा कापताना हात आखडता ठेवा.

आता उघडणं. काचा, रबर, वायरिंग, ब्रेक आणि पेट्रोलचे पाइप, छताचं कापड, सगळं बाहेर. सस्पेन्शनच्या भागांतले रबरी बुश, बॉल जॉइंट आणि बेअरिंग प्रेसवर काढूनच ते पाठवा. बुश आत राहिला तर भट्टीत जळतो आणि त्याचं तेल शेजारच्या रंगात उतरतं. बॅज आणि हँडल बहुतेक वेळा जस्ताच्या ओतकामाचे असतात, त्यांच्यावर भट्टीत फोड येतात. जमिनीवरच्या डांबरी पट्ट्या आणि चाकांच्या कमानीतलं अंडरकोट हीटगननं मऊ करून पटाशीनं खरवडा. हे ब्लास्टरवर सोडू नका. रबरासारख्या थरावर दाणा आपटून उलटा येतो, वेळ जातो आणि थर तिथेच राहतो. मग संपूर्ण बॉडी डीग्रीझरनं धुवा. तेलकट पत्र्यावर ब्लास्टिंग केलं तर दाण्यांबरोबर तेल पत्र्याच्या खरखरीत पृष्ठभागात ठोकलं जातं. नंतर पावडरमध्ये बारीक खड्डे पडतात ते त्याचेच.

फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड ढिली, तिथे लांबी (खड्डे भरायची पुट्टी) आहे. टॅक्सी म्हणून चाललेल्या पद्मिनीत दरवाज्याच्या खालच्या कडेला बोटभर जाडीची लांबी निघणं नवल नाही. ती सगळी काढा, कारण साधी पॉलिस्टर लांबी 200 अंशाला टिकत नाही, फुगते आणि सुटते. जुन्या गाड्यांच्या सांध्यांत शिसं-कथीलही भरलेलं असतं. ते 183 अंशाला मऊ व्हायला लागतं आणि पावडर भाजायला पत्र्याचं तापमान 180 ते 200 अंश लागतं. म्हणजे ते ओघळणारच. मास्क लावून ते आधीच काढावं. तिथे नंतर काय भरायचं तेही ठरवून ठेवा: धातुमिश्रित, भट्टीत टिकणारी एपॉक्सी लांबी, किंवा भाजून झाल्यावर वरून साधी लांबी.

सिल (दरवाज्यांखालचे लांब पोकळ पत्रे) कुजलेली असतील तर ती कापण्याआधी दरवाज्यांच्या चौकटीत 25 मिमी चौकोनी पाइप तिरके वेल्ड करा आणि दोन्ही कर्णांची मापं लिहून ठेवा. कामगार बॉडी उचलून टेम्पोत चढवतात तेव्हा तिला आधार देणारं दुसरं काही उरलेलं नसतं. हे पाइप भट्टीतही राहू द्या.

ब्लास्टिंगला देताना सर्वात मोठी चूक होते ती दाबाच्या बाबतीत. एमआयडीसीतल्या जॉबवर्कच्या शॉपमध्ये ग्रिल आणि गेट 100 पीएसआयला (पीएसआय हे हवेच्या दाबाचं माप) धडाधड साफ होतात. तोच दाब पद्मिनीच्या छतावर मारला तर पत्रा पोटासारखा फुगतो. दोष उष्णतेचा कमी, दाण्यांच्या माऱ्याचा जास्त: पत्र्याची एक बाजू ठोकली जाऊन ताणली जाते, दुसरी तशीच राहते. असा पत्रा परत सरळ करणं चांगल्या डेंटरलाही जड जातं. म्हणून बॉनेट, छत, डिकीचं झाकण आणि दरवाज्यांची बाहेरची बाजू पेंट रिमूव्हर आणि खरवडणीनं साफ करा. कडा आणि आतल्या बाजूला बारीक गार्नेट (खनिजाचा दाणा), 30 ते 40 पीएसआय, नोझल फूटभर लांब आणि तिरकं. जाड क्रॉस मेंबरला 80-90 पीएसआय चालतो. दर ठरवताना हे कागदावर लिहून द्या, तोंडी सांगू नका.

स्वतः ब्लास्टिंग करायचं असेल तर कंप्रेसर तपासा. 6 मिमीच्या नोझलला 100 पीएसआयवर सुमारे 80 सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा लागते. गॅरेजमधला 5 एचपीचा कंप्रेसर त्याच्या पाव भागाच्या आसपास देतो. आणि नदीची किंवा सिलिका वाळू वापरू नका. तिच्या धुळीनं सिलिकोसिस होतो, फुप्फुसं कायमची निकामी होतात. जुन्या रंगात शिसं असू शकतं. त्यामुळे बाहेरून हवा पुरवणारं हेल्मेटच हवं, तोंडाला बांधलेला रुमाल नव्हे.

ब्लास्टिंगनंतर खरी बॉडी दिसते. वेल्डिंग आता करा आणि वेल्डच्या जागी पुन्हा हलका मारा द्या. ज्या जागेकडे सर्वात जास्त लक्ष द्यायला हवं ती म्हणजे दोन पत्रे एकमेकांवर बसलेला सांधा. दोन स्पॉटच्या मधल्या फटीत नोझल पोचत नाही, गंज तिथेच बसून राहतो. पावडर त्या फटीवर सलग थर घालते, बाहेरून चकचकीत दिसतं. पुढच्या पावसाळ्यात ओल आतून चढते आणि रंग पापुद्र्यासारखा उचलला जातो. फटीत पातळ पाती सरकवून पाहा. तपकिरी भुगा निघाला तर स्पॉट ड्रिलनं उघडून पत्रा वेगळा करा, साफ करून परत वेल्ड करा. काम वाढतं, पण याला दुसरा उपाय नाही.

उघड्या पत्र्याला उघड्या हातानं स्पर्श नको. घामाचे ठसे काही तासांत गंजून उठतात. कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात त्याच दिवशी कोटिंग होणार नसेल तर ब्लास्टिंगच लावू नका. पोकळ भागांतला दाणा हवा मारून, बॉडी उलटसुलट करून काढा, नाहीतर कोटिंगवेळी तोच पावडरवर येऊन बसतो.

भट्टीआधी सगळी ड्रेन भोकं उघडा आणि बोल्टच्या आट्यांमध्ये सिलिकॉन बूच लावा. साधी मास्किंग टेप जळते. मग बॉडी पावडरशिवाय 200-210 अंशाला अर्धा-पाऊण तास तापवून घ्या. फटींतलं तेल धूर होऊन बाहेर येतं, ते पुसून मगच पावडर. वेळ मोजायची ती हवा तापल्यापासून नाही, जाड क्रॉस मेंबरचा पत्रा तापल्यापासून. आतल्या कोपऱ्यांत विद्युतभारामुळे पावडर नीट शिरत नाही, तिथे कमी व्होल्टेजवर वेगळा हात लागतो.

आमचं मत: संपूर्ण बॉडी द्यायचीच असेल तर एपॉक्सी प्रायमर पावडर 60-80 मायक्रॉन करून वर ओला रंग द्यावा. उन्हात एपॉक्सी पांढुरकी पडते, पण झाकली की टिकते, आणि पुढे टक्कर झाली तर स्थानिक पेंटर तुकडा दुरुस्त करू शकतो. पावडरच्या रंगाला तसा पॅच जुळत नाही.

परत आल्यावर सांध्यांत पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरा आणि पोकळ भागांत कॅव्हिटी वॅक्स फवारा, कारण तिथे पावडर पोचलेलीच नसते. इंजिन आणि बॅटरीच्या अर्थिंगच्या जागा धातूपर्यंत खरवडा, नाहीतर स्टार्टर ओढणार नाही आणि दिवे मंद लागतील. सस्पेन्शनच्या बोल्टखालची पावडरही काढा. ती दाबली जाऊन बोल्ट ढिला पडतो. पहिल्या 100 किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा टॉर्क पान्यानं तपासा.