स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी वॉर्ड घडवताना: प्रशिक्षणाची तयारी

सर्वांत आधी बोलावण्याची यादी करा. डॉक्टर आणि सिस्टर तिच्यात असतातच. पण अटेंडंट, ट्रॉली ढकलणारे, सफाईवाले आणि दारावरचे सिक्युरिटी यांची नावे वर घाला. रात्री अडीचला चप्पल शोधत "घरी जातो" म्हणून निघालेल्या आजोबांची गाठ सिक्युरिटीशी पडते, न्यूरॉलॉजिस्टशी नव्हे. वैद्यकीय पदवी नसलेल्यांना हे शिकवून काय होणार, असे कोणी म्हणालेच तर उत्तर गोवा जिल्ह्यातला अभ्यास हाताशी ठेवा. तिथे साध्या कार्यकर्त्यांना तयार करून ८१ कुटुंबांवर प्रयोग झाला आणि सांभाळणाऱ्यांचा मानसिक ताण हलका झाला. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. सत्र तासाभराचेच असू द्या, पण तिन्ही पाळ्यांना घ्या. संध्याकाळनंतर बिथरणारे रुग्ण रात्रपाळीच्याच वाट्याला येतात.

सुरुवात डेलिरियमपासून, म्हणजे आजारपणात अचानक उद्भवणाऱ्या गोंधळापासून करा. कालपर्यंत लेकीला ओळखणारी आजी आज अचानक बरळू लागली, तर "वय झाले" म्हणून सोडायचे नाही. लघवीचा संसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, पाणी कमी पडणे, दुखणे, नवे औषध, हे आधी तपासायचे. डेलिरियम असूनही गुपचूप पडून राहणाऱ्याकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही, म्हणून त्याचे उदाहरण मुद्दाम घ्या. सिस्टरना ४एटी चाचणी करून दाखवा: दोन मिनिटे लागतात, आणि ४ किंवा जास्त गुण आले की डेलिरियमची शंका घ्यायची. तिच्यात महिने उलटे म्हणायला सांगतात. कोणी ते कोंकणीत म्हणेल, कोणी पोर्तुगीजमध्ये. पाहायचे ते लक्ष टिकते का एवढेच. चाचणीत विचारायची जन्मतारीख मात्र घरच्यांना विचारून ठेवा, या पिढीत कागदावरची एक आणि खरी दुसरी असू शकते.

भाषेची तयारी वेगळी करा. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा बहुधा आधी निसटते, लहानपणची टिकते. गोव्यातल्या डिचोलीची आजी मराठी पोथी वाचेल, पण कळ आली की कोंकणीतच कण्हेल. बाहेरून आलेल्या सिस्टरसाठी "खंय दुखता?", "उदक जाय?", "भियेनाकात" अशी दहाबारा वाक्ये मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर लावा. ज्यांना बोलताच येत नाही त्यांच्या वेदनेसाठी पेनॅड मोजपट्टी शिकवा: श्वास, आवाज, चेहरा, अंगाची हालचाल, समजूत घालून शांत होतो का.

"माझी ओळख" नावाचा एकपानी फॉर्म छापून ठेवा: काय नावाने हाक मारायची, चष्मा, कवळी, कानाचे यंत्र, शौचाची वेळ, अकराची पेज लागते का. तो भरतीच्या दिवशीच घरच्यांकडून भरून घ्या.

प्रात्यक्षिकाला निम्मा वेळ द्या. एका अटेंडंटच्या कानात कापूस, चष्म्यावर व्हॅसलिन. दुसऱ्याने मागून येऊन न बोलता त्याचे कपडे काढायला लागायचे. पहिला हात झटकतोच. मग समोरून, डोळ्यांच्या पातळीवर येऊन, नाव घेऊन, एका वेळी एकच गोष्ट सांगून तेच परत करून बघा. एरवी "मारका पेशंट" म्हणून शिक्का बसतो तो असाच.

हात बांधणे आणि झोपेचे इंजेक्शन यांवर डॉक्टरांशी आधीच बोलून घ्या. बिथरलेल्या रुग्णाला शांत करायला देतात त्या अँटिसायकोटिक औषधांनी अशा वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, हा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २००५ मध्येच दिला आहे. लुई बॉडी या स्मृतिभ्रंशाच्या प्रकारात तर हॅलोपेरिडॉल हे अँटिसायकोटिक टाळायचेच.

मोठे घड्याळ, कॅलेंडर, संडासाच्या दारावर चित्र, रात्री मंद दिवा, हे सामान आदल्या दिवशीच आणा. भेटीच्या वेळेबाहेर एका नातेवाइकाला थांबू देण्याची लेखी परवानगी घ्या आणि तिची प्रत सिक्युरिटीच्या टेबलावर ठेवा, नाहीतर सूनबाई गेटवरच अडकेल.

महिन्याने वॉर्डात फिरून किती फॉर्म खरोखर भरले, किती जणांचे हात बांधलेले आहेत, कितीजण पडले, हे मोजा. कंत्राटी माणसे बदलत राहतात, तेव्हा पुढच्या सत्राची तारीख त्याच दिवशी ड्युटीच्या तक्त्यावर घाला.