गुडघा बदलल्यानंतर घरी होणाऱ्या या चुका टाळा

गुडघाबदलाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेण्याचे माझे काम जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत चालते, आणि गाव बदलले तरी चुका त्याच असतात. सर्जनने नीट बसवलेला सांधा पुढच्या दीड-दोन महिन्यांत घरातच आखडतो, आणि बहुतेक वेळा तो मायेपोटी आखडवला जातो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे गुडघ्याखाली उशी ठेवणे. किंचित वाकलेला गुडघा कमी दुखतो, म्हणून रुग्णाला उशी हवीशी वाटते आणि घरच्यांना सेवा केल्याचे समाधान मिळते; पण रात्रंदिवस पाय तसाच राहिला की गुडघ्यामागचे स्नायू आणि सांध्याचे आवरण आखडते व पाय पूर्ण सरळ होईनासा होतो. अमळनेर तालुक्यातल्या एका आजींच्या गुडघ्याखाली दोन उशा आणि त्यांवर गोधडीची घडी होती. मी उशांना हात लावताच त्या म्हणाल्या, "राहू दे व माय, उशीबिगर झोप लागत नही." मी समजावून काढल्या, आणि माझी पाठ फिरताच मुलाने त्या पुन्हा ठेवल्या. टाके निघाले तेव्हा पलंगावर पाय पसरल्यावर त्यांच्या गुडघ्याखालून माझा तळहात सहज आरपार जात होता. गुडघा नव्वद अंशांपर्यंत वाकतो याचा घरात आनंद होता, पण चालताना तो पाय आखूड असल्यासारखा पडत होता आणि चार पावलांत मांडी भरून येत होती. पुढचा सगळा उन्हाळा तो पाय सरळ करण्यात गेला, आणि त्या वेदना उशीने वाचवलेल्या वेदनांपेक्षा कितीतरी जास्त होत्या.

टॉवेलची गुंडाळी ठेवायची ती टाचेखाली. गुडघा अधांतरी मोकळा राहू द्यावा, दहा-पंधरा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. त्यानंतर मांडी आवळून गुडघा गादीकडे दाबावा आणि पाच अंक मोजावेत. सुजेसाठी पाय उंच ठेवताना उशा पोटरीपासून टाचेपर्यंत लावाव्यात, म्हणजे गुडघा सरळच राहतो. हे मी रुग्णाऐवजी नातवाला शिकवते आणि रोज रात्री गुडघ्याखाली तळहात घालून पाहण्याचे काम त्याच्याकडे सोपवते, कारण नातवापुढे आजीची सबब चालत नाही.

"शेजारच्या काकूंचा पाय महिन्यात वाकला" या तुलनेपायी मालिशवाल्याकडून झटका देऊन गुडघा वाकवून घेणारेही भेटतात. नव्या सांध्याशी असा खेळ करणाऱ्याला मी घरात पाऊल ठेवू देणार नाही.

दुसरी चूक स्वयंपाकघरातली आहे. होळीच्या सुमारास शस्त्रक्रिया झाली तर आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया साधारण दीड महिन्यावर येते; लेकी माहेरी येतात आणि घरच्या बाईला खापरावर भाजायच्या पुरणाच्या मांड्यांपासून दूर बसवत नाही. एका घरी मी सणाच्या दुसऱ्या दिवशी गेले, तर गुडघा सुजून तापला होता. घरच्या बाई आदल्या दिवशी पहाटेपासून दुपारपर्यंत उभ्या होत्या, आणि आता दुखते म्हणून त्यांनी व्यायामच बंद केला होता. उभे राहणे हाच व्यायाम, ही समजूत मोडायला मला फार कष्ट पडतात. तासन्‌तास एका जागी उभे राहिल्याने पायात सूज साचते आणि गुडघा वाकवण्या-सरळ करण्याचा व्यायाम मात्र होत नाही. ओट्याशी उंच, हातांची, न डगमगणारी खुर्ची ठेवावी, बसून भाजी निवडावी, कणीक मळावी, आणि अर्ध्या तासाने उठून घरात एक फेरी मारावी. मांडे लेकींनी करावेत. आई शिकवायला समोर असताना याहून चांगली संधी नाही.

जमिनीवर, पाटावर किंवा उकिडवे बसू नये. मोरीत हलकी प्लास्टिकची खुर्ची सरकते, म्हणून रबरी पायांचे जड स्टूल घ्यावे. जखमेवर हळद, तेल लावू नये आणि गरम शेक देऊ नये. बर्फ टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटे ठेवावा. काठी शस्त्रक्रिया झालेल्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. उकाड्यामुळे सगळे गच्चीवर झोपायला जात असतील तरी रात्री जिना टाळावा. दिवसा चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी टाकावा.

वेदनाशामक गोळी "सवय लागेल" म्हणून टाळणारे व्यायामही टाळतात. डॉक्टरांनी दिलेली गोळी व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास घ्यावी. रक्त पातळ ठेवणारे औषध तर त्यांना विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नये, कारण पायातल्या शिरेत गुठळी होण्याचा धोका घरी आल्यानंतरही काही आठवडे राहतो. पोटरी एकाएकी सुजली, दुखू लागली, जखमेतून स्राव आला किंवा थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी सर्जनला दाखवावे. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखले तर नातेवाइकांना विचारत बसू नये. 108 ला फोन करावा.