मानवी तस्करीच्या खटल्याचे कोर्टाचे कागद कसे वाचावेत?

अल्पवयीन मुलींच्या लैंगिक तस्करीचा आरोप असलेला अमेरिकेतला धनाढ्य जेफ्री एपस्टीन, त्याच्या प्रकरणातली म्हणून ‘एपस्टीन लिस्ट’ नावाची पीडीएफ ठाण्यातल्या एखाद्या सोसायटीच्या ग्रुपवर आली की सगळे एकच काम करतात, ओळखीचं नाव शोधतात. नाव सापडलं की ‘हाही त्यातलाच’ असा शेरा पडतो आणि फाइल पुढे जाते. भिवंडीत किंवा तुर्भ्यात देहविक्रीच्या अड्ड्यावर धाड पडली की आपल्या बातम्यांतल्या नावांचंही तेच होतं. मी ठाण्याच्या कोर्टात फौजदारी कामं चालवते, त्यामुळे असे कागद रोज हातात असतात. ते कसे वाचायचे हे नीट सांगावंसं वाटतं, कारण घाईघाईने वाचलं तर ज्याच्यावर आरोपच नाही त्याची बदनामी होते. त्याहून जास्त नुकसान जिच्यावर अत्याचार झाला तिचं होतं.

आधी प्रकरण ओळखा

एकाच अत्याचारातून वेगवेगळी प्रकरणं निघतात आणि त्यांचे कागद एकमेकांत मिसळतात. जेफ्री एपस्टीन आणि त्याची साथीदार गिलेन मॅक्सवेल यांच्या बाबतीत निदान तीन गठ्ठे वेगळे करावे लागतात. पहिला गठ्ठा दिवाणी दाव्याचा. या दोघांवर अत्याचाराचा आरोप करणाऱ्या व्हर्जिनिया जुफ्रे यांनी मॅक्सवेलवर 2015 मध्ये बदनामीचा दावा लावला आणि 2017 मध्ये तो तडजोडीने मिटला. त्यातले सीलबंद कागद 2019 पासून टप्प्याटप्प्याने उघडले गेले. त्यांतला जानेवारी 2024 चा मोठा टप्पाच ‘यादी’ म्हणून जगभर फिरला. ती यादी नव्हतीच. ते जबाब, अर्ज आणि ईमेल होते. त्यांत घरी काम करणाऱ्यांपासून ओझरता उल्लेख झालेल्यांपर्यंत सगळ्यांची नावं होती.

दुसरा गठ्ठा खऱ्या फौजदारी खटल्याचा, अमेरिका सरकार विरुद्ध मॅक्सवेल, न्यूयॉर्कचं फेडरल न्यायालय, क्रमांक 20 सीआर 330. तिला 2 जुलै 2020 रोजी अटक झाली. 29 डिसेंबर 2021 रोजी ज्युरीने सहापैकी पाच आरोपांत तिला दोषी ठरवलं, त्यात अल्पवयीन मुलीच्या लैंगिक तस्करीचा आरोपही होता. 28 जून 2022 रोजी 20 वर्षांची शिक्षा झाली. एपस्टीनचा स्वतःचा खटला मात्र उभाच राहिला नाही. 10 ऑगस्ट 2019 रोजी कोठडीत त्याचा मृत्यू झाला आणि त्याच महिन्यात खटला काढून टाकण्यात आला. त्यामुळे 2019 च्या त्या प्रकरणात त्याच्यावर निकाल असा कागद नाही.

तिसरा गठ्ठा तपास यंत्रणांच्या फायलींचा. नोव्हेंबर 2025 मध्ये अमेरिकेत खास कायदा होऊन न्याय खात्याला आपल्याकडच्या फायली उघड करायला सांगितलं गेलं. हे कागद कोर्टात सिद्ध झालेले नाहीत. तपासात जे जे गोळा होतं ते सगळं त्यात असतं, निनावी फोनसुद्धा.

पीडीएफ आली की पहिल्या पानाचा माथा बघा. कोर्टाचं नाव, प्रकरण क्रमांक, दाखल तारीख. माथाच कापलेला असेल, नुसती नावांची रांग असेल, तर तो कोर्टाचा कागद समजू नका.

मूळ कागद मिळवा

अमेरिकेतले फेडरल कोर्टाचे कागद पेसर या सरकारी सेवेवर मिळतात. पानाला 10 सेंट, एका दस्तऐवजाला बहुतेक वेळा जास्तीत जास्त 3 डॉलर. कोर्टलिसनर या संकेतस्थळावर यातले बरेच कागद फुकट वाचता येतात, प्रकरण क्रमांक टाकला की तारीखवार नोंदी समोर येतात.

आपल्याकडे ई-कोर्ट्स सेवा आहे, मोबाइल अ‍ॅपही आहे. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रकरणाला मिळणारा स्वतंत्र नंबर, माहीत असेल तर काम सोपं. ठाण्याच्या प्रकरणांचा सीएनआर ‘एमएचटीएच’ या अक्षरांनी सुरू होतो. तो नसेल तर पोलिस ठाणं, गुन्हा रजिस्टर नंबर आणि वर्ष टाकून शोधता येतं. बातमीत पोलिस ठाण्याचं नाव हमखास असतं, तिथून सुरुवात करा. मात्र कोर्ट निवडताना नवी मुंबईकर इथे हमखास अडकतात. नवी मुंबई पोलिस आयुक्तालय दोन जिल्ह्यांत पसरलंय. वाशी, तुर्भे, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात. खारघरच्या लॉजवरच्या धाडीचं प्रकरण बेलापूर कोर्टात शोधत बसलात तर ते सापडणार नाही.

काय मिळतं? पुढची तारीख, टप्पा, काही आदेश, निकाल. काय मिळत नाही तेही लक्षात ठेवा. एफआयआर 24 तासांत संकेतस्थळावर टाकावी असा सर्वोच्च न्यायालयाचा 2016 चा आदेश आहे, पण लैंगिक गुन्ह्यांसारख्या संवेदनशील एफआयआर त्यातून वगळल्या आहेत. दोषारोपपत्र सर्वांसाठी संकेतस्थळावर टाकायची सक्ती नाही, हे त्याच न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केलं. तेव्हा अशा प्रकरणातली एफआयआर कुणी ग्रुपवर टाकली असेल, तर ती कुठून तरी फुटलेली आहे. तुम्ही पक्षकार नसाल आणि नक्कल हवी असेल, तर कारण लिहून कोर्टाकडे अर्ज करावा लागतो. द्यायची की नाही हे कोर्ट ठरवतं. पीडितेची ओळख उघड होत असेल तर ते नाकारतं, आणि ते योग्यच आहे.

कागद कोणी लिहिला ते बघा

एफआयआर म्हणजे तक्रारदाराचं म्हणणं. धाडीच्या प्रकरणात तक्रारदार बहुधा पोलिसच असतात. रिमांड अर्ज म्हणजे पोलिसांना कोठडी का हवी याचं त्यांचं म्हणणं. दोषारोपपत्र म्हणजे तपास अधिकाऱ्याचा निष्कर्ष. जामिनाच्या आदेशात न्यायाधीश काही निरीक्षणं नोंदवतात, पण ती ‘प्रथमदर्शनी’ आणि जामिनापुरतीच असतात, बहुतेकदा तसं आदेशातच लिहिलेलं असतं. सिद्ध काय झालं हे फक्त निकालपत्र सांगतं.

कागदाची तारीखही बघा. मॅक्सवेलविरुद्धच्या 2020 च्या पहिल्या आरोपपत्रात लैंगिक तस्करीचं कलम नव्हतं, ते मार्च 2021 च्या सुधारित आरोपपत्रात आलं. पहिलं आरोपपत्र वाचून ‘तस्करीचा आरोपच नाही’ म्हणणारा माणूस खरा कागद वाचूनही चुकला असता. 2016 मध्ये दिवाणी दाव्यात तिने शपथेवर दिलेल्या उत्तरांवरून खोट्या साक्षीचे दोन आरोपही लागले होते. ते मुख्य खटल्यातून वेगळे काढले आणि शिक्षेनंतर सोडून दिले. म्हणजे आरोपपत्रात दिसतं ते सगळं निकालापर्यंत पोचतंच असं नाही.

आपल्याकडे कलमांचे आकडेही बदललेत. 1 जुलै 2024 च्या आधीच्या गुन्ह्यात मानवी तस्करीचं कलम भारतीय दंड संहितेचं 370, नंतरच्या गुन्ह्यात भारतीय न्याय संहितेचं 143. सोबत बहुधा 1956 चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा असतो, ज्याला पोलिस आणि पत्रकार ‘पिटा’ म्हणतात. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा. पिटात कलम 3 कुंटणखाना चालवणाऱ्यासाठी, 4 त्या कमाईवर जगणाऱ्यासाठी, 5 बाईला या धंद्यात आणणाऱ्यासाठी. कोणाला कोणतं कलम लावलंय हे बघितलं की त्या माणसाची भूमिका काय होती असं पोलिसांचं म्हणणं आहे, ते कळतं. देहविक्री हाच या कायद्याखाली गुन्हा नाही, आणि सज्ञान बाईला तिच्या इच्छेविरुद्ध सुधारगृहात अडकवून ठेवता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2020 मध्ये म्हटलंय. म्हणून धाडीत सापडलेल्या बाईला ‘आरोपी’ म्हणण्याआधी कागदात ती कोणत्या रकान्यात आहे ते बघा.

पंचनामा वाचा

आपल्याकडचे असे खटले बऱ्याचदा पंचनाम्यावर उभे राहतात आणि पंचनाम्यावरच पडतात. ठरलेली पद्धत अशी: पोलिस बोगस ग्राहक तयार करतात, त्याच्याकडे दिलेल्या नोटांचे नंबर लिहून घेतात, दोन पंच सोबत घेतात. सौदा ठरला की इशारा होतो आणि छापा पडतो.

वाचताना पेन्सिल घेऊन तीन गोष्टींवर खूण करा. धाडीआधीच्या पंचनाम्यातले नोटांचे नंबर आणि दलालाच्या खिशातून जप्त झालेल्या नोटांचे नंबर एकच आहेत का. पंचनामा सुरू आणि संपल्याच्या वेळा बसतात का, म्हणजे पोलिस ठाण्यातून निघायच्या आधीच लॉजवर पोचल्याची नोंद तर नाही ना. आणि मुद्देमालाच्या पाकिटावर पंचांच्या सह्यांची लेबलं लावून सील केल्याचं लिहिलंय का. एका नोटेचा एक आकडा चुकला तर बचावाचे वकील त्यावर तासभर उलटतपास घेतात. मीही घेतलाय. तो त्यांचा हक्कच आहे, पण ती चूक कागदात राहिली की भोगावं लागतं आतल्या खोलीत सापडलेल्या मुलीला.

साक्ष वाचताना सर्वांत जास्त सावध राहा

आपल्या खालच्या कोर्टांत साक्ष सहसा प्रश्नोत्तरांत लिहीत नाहीत. वकिलाने काय विचारलं ते गळतं आणि साक्षीदाराच्या तोंडचं सलग वाक्य उरतं. उलटतपासाच्या शेवटी अशी वाक्यं एकापाठोपाठ येतात:

‘हे म्हणणे खरे नाही की, मी स्वतःहून पैशासाठी मुंबईला आले. हे म्हणणे खरे नाही की, आरोपी क्रमांक 2 हिला मी ओळखत नाही. हे म्हणणे खरे नाही की, पोलिसांच्या सांगण्यावरून मी खोटी साक्ष देत आहे.’

हे तीनही आरोप बचावाच्या वकिलाचे आहेत आणि तिने तिन्ही नाकारलेत. त्यातल्या पहिल्या वाक्याचा अर्धाच तुकडा उचलून ‘ती स्वतःहून आली होती असं कोर्टाच्या कागदात आहे’ असं कुणी लिहिलं, तर तिच्या नकाराचाच कबुलीजबाब होतो. मराठीतली ही दुहेरी नकाराची वाक्यं मोठ्याने वाचा, बोट ठेवून वाचा. ‘हे खरे आहे की’ असं सुरू होणारं वाक्य म्हणजे तिने मान्य केलेलं.

पोलिसांपुढचा जबाब आणि कोर्टातली साक्ष यांतही फरक करा. पोलिसांना दिलेला जबाब हा पुरावा नसतो, साक्षीदार कोर्टात वेगळं बोलला तर विसंगती दाखवायला तो वापरतात. साक्षीदार फितूर झाला म्हणजे धाड खोटी होती असंही समजू नका. गावाकडच्या घरच्यांवर आलेल्या दबावाची नोंद रोजनाम्यात, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीत, नसते.

निशाणीचे (एक्झिबिटचे) आकडेही जपून वाचा. कागदाला निशाणी क्रमांक पडला म्हणजे तो रेकॉर्डवर आला. त्यातला मजकूर न्यायाधीशांनी मानला की नाही, हे निकालातच कळतं.

नाव सापडलं तर

स्वतःला विचारा, हे नाव कोणाच्या तोंडून आलंय आणि कशासाठी. मॅक्सवेलच्या खटल्यात विमान उड्डाणांच्या नोंदवह्या पुरावा म्हणून आल्या. त्यातल्या नावावरून तो माणूस त्या विमानात बसल्याची नोंद आहे इतकंच म्हणता येतं. लॉजच्या रजिस्टरमधल्या नावालाही हाच नियम.

पीडितेचं नाव सापडलं तर

काळ्या पट्ट्या मारलेल्या दिसल्या की खाली काय असेल हे खणायचा मोह होतो. खणू नका. मॅक्सवेलच्या खटल्यात चौघींनी साक्ष दिली. अ‍ॅनी फार्मर यांनी पूर्ण नावाने दिली, बाकीच्यांनी टोपणनावाने किंवा नुसत्या पहिल्या नावाने. नाव सांगायचं की नाही हे त्या त्या बाईने ठरवलं. आपल्याकडे बलात्काराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख छापणं न्याय संहितेच्या कलम 72 खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. बालकांच्या बाबतीत पॉक्सोचं कलम 23 लागतं. आणि ओळख म्हणजे फक्त नाव नाही. डिसेंबर 2018 मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दूरान्वयानेही ओळख पटेल असं काही छापता येणार नाही. कळव्यातली अमुक शाळा, वडील रिक्षाचालक, नववीत शिकणारी, एवढ्यावरून अख्खी चाळ मुलगी ओळखते. असा कागद ग्रुपवर आला तर पुढे पाठवू नका, टाकणाऱ्याला काढायला लावा, आपल्या फोनमधूनही पुसा.

निकाल उलट्या टोकाने वाचा

निकालपत्र हातात आलं की आधी शेवटचा ‘आदेश’ वाचा, मग ‘मुद्दे’ आणि ‘निष्कर्ष’ यांचा तक्ता, आणि शेवटी ‘कारणमीमांसा’. आरोपी सुटला असेल तर कशामुळे ते शोधा: पुरावाच नाही, की संशयाचा फायदा, की साक्षीदार मिळाले नाहीत. मग मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर अपील आहे का ते बघा. मॅक्सवेलची शिक्षा अपील न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये कायम केली आणि ऑक्टोबर 2025 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचा अर्ज ऐकायला नकार दिला, तेव्हा कुठे अपिलाची नेहमीची वाट संपली.

आदेशात सगळे शिक्षेची वर्षं मोजतात आणि भरपाईचा परिच्छेद सोडून देतात. तो शोधाच. एपस्टीनच्या मालमत्तेतून उभारलेल्या निधीने पीडितांना 12 कोटी डॉलरहून जास्त रक्कम देऊ केली. आपल्याकडे भरपाईची तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम 396 मध्ये आहे. न्यायाधीश शिफारस करतात, रक्कम विधी सेवा प्राधिकरण ठरवतं. आरोपी सापडलाच नाही आणि खटला चाललाच नाही, तरी पीडितेला स्वतः जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. ओळखीत अशी कुणी असेल, तर तिला हे सांगा आणि ती तयार असेल तर अर्ज लिहायला सोबत बसा.