घरच्या घरी फोटो काढताय? स्वस्तातल्या लाइटच्या या चुका टाळा

दिवाळीच्या तोंडावर वहिनीने चकलीचे फोटो काढून मागितले. तिचा फराळ परळहून पार मुलुंडपर्यंत जातो आणि सगळी गिऱ्हाइकं व्हॉट्सअ‍ॅपवरची. मी नवाकोरा रिंग लाइट घेऊन ऐटीत गेलो. पहिला फोटो बघून ती म्हणाली, "भावजी, ही चकली आहे की चटई?"

रिंग लाइट समोरून लावणे

चकलीचे काटे दिसतात ते त्यांच्या बारीक सावल्यांमुळे. लेन्सभोवती गोल दिवा लावला की सावलीच पडत नाही, मग काटे गेले, कुरकुरीतपणा गेला. चेहऱ्यासाठी रिंग लाइट चालतो (चष्मेवाल्यांच्या काचेत पांढरं कडं दिसतं ते सोडा), पण पदार्थ, दागिने, साडीचा पोत यांना तो मारतो. तोच दिवा उचलून ताटाच्या बाजूला, किंचित मागे ठेवला. समोरून पांढरी कार्डशीट उभी केली. काटे परत आले, जास्तीचा खर्च कार्डशीटचा.

खोलीतले बाकीचे दिवे चालू ठेवणे

ही चूक जवळजवळ प्रत्येकाच्या हातून होते. स्वयंपाकघरातला पिवळा बल्ब साधारण 2700 ते 3000 केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा लहान तितका उजेड पिवळा, मोठा तितका निळसर), आपण आणलेला 'कूल डेलाइट' 6500 चा. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवायची सोय, दोघांपैकी एकालाच सांभाळू शकतो. चकली एका अंगाने नारिंगी, दुसऱ्या अंगाने निळसर. अ‍ॅपमध्ये कितीही खटपट करा, एक बाजू सुधारली की दुसरी बिघडते. सगळे दिवे बंद करा. खिडकी वापरायची की दिवा, हे आधी ठरवा आणि दिवा वापरणार असाल तर पडदा ओढा. पावसाळ्यात गॅलरीला निळी ताडपत्री बांधली असेल तर खिडकीचा उजेडही निळाच येतो. पोपटी भिंतीजवळ पांढरी वस्तू पोपटी होते. भिंतीवर पांढरी चादर टाका.

बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय बघा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा 100 पैकी आकडा. साध्या बल्बचा 80 च्या आसपास असतो. 90 च्या वरचा मिळाला तर थोडे पैसे जास्त गेले तरी घ्या. कमी सीआरआयच्या दिव्यात लाल रंग मरगळतो. लाल तिखट, कुंकू, पैठणीचा काठ सगळंच विटकं दिसतं, आणि ते नंतर दुरुस्त होत नाही.

सॉफ्टबॉक्स कोपऱ्यात उभा करणे

सॉफ्टबॉक्स म्हणजे पुढे पांढरं कापड लावलेली दिव्याची पेटी. दहा बाय बाराच्या खोलीत तो अडचण करतो, म्हणून आपण तो भिंतीला टेकवतो. मग उजेड कमी पडून फोटोत खरखर (बारीक दाणे) येते आणि दोष कॅमेऱ्याला. दिवा वस्तूपासून 4 फुटांवरून 2 फुटांवर आणा, उजेड जवळपास चौपट होईल. शिवाय जवळ आलेला दिवा वस्तूच्या मानाने मोठा होतो, त्यामुळे सावलीची कड मऊ पडते. सॉफ्टबॉक्स नसेल तर बल्ब आणि वस्तू यांच्यामध्ये बटर पेपर किंवा धुतलेली पांढरी चादर ताणा. मात्र बल्ब एलईडीच हवा. हॅलोजनसमोर कागद-कापड लावायचं धाडस करू नका.

आता होल्डर. स्वस्त सॉफ्टबॉक्समध्ये बहुतेकदा ई27, म्हणजे आट्यांचा होल्डर येतो. आपल्या घरातले बल्ब बहुतेक पिनवाले, बी22. मी घरातला बल्ब खिशात घालून गेलो आणि रात्री दहाला दुकानं बंद झाल्यावर बसत नाही हे कळलं. मुंबईत लोहार चाळीच्या विजेच्या बाजारात अ‍ॅडॅप्टर मिळतो, पण त्याने बल्ब लांब होऊन खाली झुकतो. सरळ आट्यांचाच बल्ब घ्या.

फोटोत आडवे पट्टे

आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. शटर, म्हणजे कॅमेरा उजेड आत घेतो तो वेळ, सेकंदाच्या 1/100 किंवा 1/50 वर ठेवा. मोबाइलमध्ये त्यासाठी प्रो मोड शोधा.

फ्लॅश वापरताना फोटोचा एक भाग काळा आला तर शटर सिंक स्पीडपेक्षा, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणाऱ्या सर्वात जलद शटरपेक्षा, वेगवान आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत ती मर्यादा 1/200 च्या आसपास असते. मुंबईच्या बोरा बाजारातून फार जुना फ्लॅश उचलताय? काहींचा ट्रिगर व्होल्टेज (फ्लॅशकडून कॅमेऱ्याच्या जोडावर येणारा विजेचा दाब) 200 व्होल्टच्या वर असतो आणि तो डिजिटल कॅमेऱ्याला बाधू शकतो. मल्टिमीटरने मोजल्याशिवाय कॅमेऱ्यावर चढवू नका.

स्टँडच्या पायाला पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या बांधा आणि पंखा बंद करा. माझा स्टँड चिवड्याच्या परातीत पडला होता.

शेवटी स्टीलचं ताट. त्यात दिवा झळकतो, कारण उजेड ज्या कोनात पडतो त्याच कोनात परततो. ताट पुसत बसू नका, दिवा किंवा कॅमेरा थोडा सरकवा. वहिनीच्या ताटातून दिवा गेला तेव्हा त्यात माझा पिवळा टी-शर्ट दिसायला लागला. आता तिच्याकडे काळा घालून जातो.