कृत्रिम पेशीवर पीएचडी करायचीय? आधी द्रावण विचारा

२०१६ साली जाहीर झालेल्या ४७३ जनुकांच्या जिवाणूबद्दल वाचलं आणि ठरवलं, पीएचडी करायची ती यातच. तुमच्यातले बरेच जण असेच इकडे वळले असणार. पण ती वाट असलेल्या जिवाणूची जनुकं छाटत जाण्याची. मी गेले ती उलटी: लिपिडचा, म्हणजे पेशीचं आवरण ज्या स्निग्ध रेणूंचं असतं त्यांचा, रिकामा फुगा घ्यायचा आणि आत एकेक रेणू घालत पेशी उभी करायची. नेदरलँड्समधले बेसिक आणि इव्हॉल्फ हे प्रकल्प, जर्मनीतली ‘मॅटर टू लाइफ’ ही मॅक्स प्लांक स्कूल. जागा शोधायला तिथून सुरुवात करा.

आता मी कुठे आपटले ते सांगते. एमएस्सीला मी इलेक्ट्रोफॉर्मेशनने फुगे करायला शिकले होते. काचेवर लिपिडचा थर वाळवायचा, साखरेचं पाणी सोडायचं, वीजदाब द्यायचा. दोनेक तासांत टपोरे, गोल फुगे. आत सुक्रोज, बाहेर ग्लुकोज. आतलं जड, म्हणून फुगे अलगद तळाशी बसतात. मुलाखतीत हेच फोटो दाखवले आणि निवड झाली.

नेदरलँड्सला पोचल्यावर साखरेऐवजी प्युअर सिस्टिम भरायला घेतली. म्हणजे पेशीबाहेर प्रथिनं बनवणारं मिश्रण: रायबोसोम, तीसेक शुद्ध प्रथिनं आणि भरपूर क्षार. फुगे आलेच नाहीत, काचेला नुसता चोथा. खारट द्रावणात नेहमीच्या सेटिंगवर ही पद्धत नीट चालत नाही. पेपरांत हे असतं, पण पद्धतीच्या भागात, एखाद्या ओळीत. आठ महिने मी व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी बदलत राहिले. मग इमल्शनची पद्धत, म्हणजे तेलात द्रावणाचे थेंब करून त्यांभोवती लिपिडचं आवरण चढवायची, पहिल्यापासून शिकले. त्यातही आतबाहेरचा ऑस्मोटिक दाब जुळला नाही तर फुगे सुरकुततात किंवा फुटतात. द्रावण ऑस्मोमीटरवर मोजल्याशिवाय वापरूच नका. हिशोबाने काढलेल्या आकड्यावर विसंबू नका.

म्हणून मुलाखतीत विचारा: तुमचे फुगे कोणत्या द्रावणात होतात, आणि आत प्रथिनं किती तास बनतात? शक्यतो गाईडला नाही, तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला विचारा. गाईडने पिपेट हातात धरून वर्षं झालेली असतात. आणि शंभर प्रोफेसरांना एकच मेल पाठवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तीन लॅबचे पेपर नीट वाचा, तिघांनाच लिहा.

घाबरू मात्र नका. नेदरलँड्समध्ये पीएचडी ही बहुतेक वेळा चार वर्षांची पगारी नोकरी असते, आणि भौतिकी, रसायन, जीवशास्त्र, कुठूनही आलात तरी चालतं. पहिल्या वर्षाअखेर आढावा असतो आणि तो खरा असतो, नापास करतात. माझ्या आढाव्याला एकही आकृती हाती नव्हती. होती ती वही: तारीख, द्रावण, क्षार किती, फुगे किती, बहुतेक पानांवर शून्य. गाईडने ती तासभर वाचली आणि पुढचं वर्ष मंजूर केलं. इमल्शनच्या फुग्यात पहिलं हिरवं प्रथिन चमकलं, म्हणजे आत प्रथिन बनल्याची खूण दिसली, ती सतराव्या महिन्यात.